मोड आलेली मेथी

प्रिय सुधीर,

तीन महिने ना पत्र ना फोन. शिव्या नंतर घाल, आधी हे वाच. माझी तब्येत ठीक, बीपी गोळीवर आहे.

परवा रात्री ताईला ताप भरला. केमोचा तिसरा डोस होऊन दहा दिवस झालेले. पांढऱ्या पेशींचा काउंट पार खाली. डॉक्टरांनी विचारलं, कच्चं काही खाल्लंय का? मी गप्प. ताईच म्हणाली, "हा रोज मोड आलेली मेथी देतो."

नानांच्या वेळी तू ओरडला होतास, "तुला काही केल्याशिवाय बसवत नाही, म्हणून माणसाला भरवत सुटतोस!" वर्षभर अबोला धरला होता मी. आणि आता पुन्हा तेच. झिंकसाठी भोपळ्याच्या बिया, ई जीवनसत्त्वासाठी सूर्यफुलाच्या, जवसाची पूड. बरण्यांची रांग लावली. झिंक कमी पडलं तर प्रतिकारशक्ती खालावते, हे खरंच आहे. पण ३० ग्रॅम भोपळ्याच्या बियांत ते जेमतेम २ मिलिग्रॅम. आणि पांढऱ्या पेशी जिथे तयार होतात त्या हाडांतल्या अस्थिमज्जेवरच केमोचा घाव बसतो, तिथे बिया काय करणार? काउंट वाढवायचं इंजेक्शन असतं, ते दिलं.

मोडांचं मात्र जिवाला लागलंय. बीच्या सालीच्या भेगांत जंतू दडून बसतात. ओल आणि ऊब मिळाली की मोडाबरोबर तेही वाढतात, धुऊन जात नाहीत. २०११ साली जर्मनीत मेथीच्या मोडांतून ई. कोलाय नावाचा जंतू पसरला, पन्नासहून जास्त माणसं गेली. त्यात धडधाकटही होती रे! नीट शिजवून दिली असती तर?

ताप मेथीनेच आला असं डॉक्टर म्हणत नाहीत. काउंट पडला की आपल्याच आतड्यातले जंतूही उलटतात म्हणे. तरी ती वाटी डोळ्यांसमोरून हलत नाही. पांढऱ्या शेपट्या फुटलेले दाणे, आणि कडू लागतं म्हणून तोंड वाकडं करत, पण मला बरं वाटावं म्हणून शेवटच्या दाण्यापर्यंत खाणारी ताई.

आज ताप उतरला. डोळे उघडल्या उघडल्या म्हणाली, "भोपळ्याच्या बिया टाकू नकोस हं, भाजलेल्या मला आवडतात." किती दिवसांनी हसलो.

मिनूचा निकाल लागला का? तुझा गुडघा कसा आहे? वहिनींना नमस्कार.

रविवारी जमलं तर ये. भांडायचं असेल तर भांड, या वेळी मी अबोला धरणार नाही.

तुझा,
अविनाश