रंग अनेक, गुणसूत्रे मात्र ४८

मा. संपादक,
स. न.

आपल्या रविवार पुरवणीत प्रवाळ बेटांवरच्या माशांवर लेख आला. छायाचित्रे देखणी होती. समुद्रापासून इतक्या लांब राहणाऱ्या जळगाव-धुळ्याच्या वाचकाला लक्षद्वीपचा तळ घरबसल्या दिसला, याबद्दल आभार. पण ‘माशांच्या जाती आणि रंग जितके वेगळे, तितकी त्यांची गुणसूत्रेही वेगळी’ हे त्यातले वाक्य चुकीचे आहे. बारावीची आणि बी.एस्सी.ची मुले असे लेख कापून वहीत लावतात, म्हणून ही दुरुस्ती कळवतो.

वस्तुस्थिती जवळजवळ उलटी आहे. विदूषक मासा, फुलपाखरू मासा, मालवणच्या बाजारात मिळणारे हेकरू आणि तांबोशी यांच्यात रूप, आकार, खाणे यांचा काही मेळ नाही. तरीही यांच्या बहुतेक जातींत प्रत्येक पेशीत ४८ गुणसूत्रे, म्हणजे २४ जोड्या असतात. एवढेच नाही, तर त्यातल्या बहुतेक गुणसूत्रांचा गुणसूत्रबिंदू, म्हणजे गुणसूत्राच्या भुजा जिथे जुळतात ती जागा, एका टोकाशी असतो. सूक्ष्मदर्शकाखाली ती आखूड काड्यांसारखी दिसतात आणि कोणत्या जातीची कोणती हे नुसत्या नजरेने ओळखणे कठीण जाते.

या २४ जोड्यांमागे फार जुना इतिहास आहे. सुमारे ३० कोटी वर्षांपूर्वी आजच्या हाडांच्या माशांच्या पूर्वजात गुणसूत्रांचा सगळा संच दुप्पट झाला. २००४ साली टेट्राओडॉन या छोट्या फुग्या माशाचा जनुकसंच प्रसिद्ध झाला, तेव्हा दुप्पट होण्याआधी एका संचात, म्हणजे प्रत्येक जोडीतले एकेक धरून, १२ गुणसूत्रे असावीत असा हिशेब जुळला. बाराचे चोवीस झाले आणि समुद्रातल्या असंख्य जातींत तो आकडा टिकून राहिला. खान्देशातल्या शेतकऱ्याला हे दुप्पट होणे नवे वाटू नये. देशी कापसाची गुणसूत्रे २६ आणि आज शिवारभर दिसणाऱ्या अमेरिकन कापसाची ५२. आपल्या तळ्यांतल्या रोहू, कटला, मृगळ यांची ५० आणि त्यांच्याच कुळातल्या सायप्रिनसची १००.

आता अपवाद, आणि खरी गंमत तिथेच आहे. डॅसिलस हे प्रवाळाच्या फांद्यांत राहणारे बोटभर मासे. त्यांतल्या तीन पांढऱ्या ठिपक्यांच्या जातीत गुणसूत्रे ४७ किंवा ४८ मिळतात. तिच्याच सख्ख्या नात्यातल्या, तीन काळ्या पट्ट्यांच्या जातीत ती २७ ते ३३ च्या दरम्यान असतात, आणि एकाच जातीतल्या दोन माशांचा आकडाही सारखा नसतो. माहिती गेली कुठे? कुठेच नाही. टोकाला बिंदू असलेली दोन गुणसूत्रे बिंदूपाशी जोडली गेली की दोन काड्यांचे एक इंग्रजी व्ही अक्षरासारखे गुणसूत्र होते. आकडा एकाने घटतो, पण भुजा तेवढ्याच राहतात. म्हणून माशांची तुलना करताना गुणसूत्रांबरोबर भुजाही मोजतात. नुसत्या संख्येवरून ‘या माशाने निम्मी गुणसूत्रे गमावली’ असे लिहिणे म्हणजे दोन वह्या एकत्र शिवल्या तर मजकूर निम्मा झाला असे म्हणण्यासारखे आहे.

विषम आकड्याचा मासा वांझ का होत नाही, हा प्रश्न वर्गात हमखास येतो. आपल्या केळीत ३३ गुणसूत्रे, म्हणजे ११ चे तीन संच असतात. जोड्या लावताना तिसरा संच उरतो, वाटणी बिघडते आणि बी धरत नाही. डॅसिलसमध्ये एक जोडलेले गुणसूत्र समोरच्या दोन सुट्या गुणसूत्रांशी भुजेला भुजा लावून तिघांचा नीट मेळ घालू शकते. वाटणीत काहीच उरत नाही, म्हणून प्रजनन चालू राहते.

मग बाकीच्यांचा आकडा का हलला नाही? या माशांची पिल्ले जन्मल्यावर काही दिवस ते काही आठवडे प्रवाहाबरोबर वाहतात. दूरदूरच्या वस्त्या एकमेकींत मिसळत राहतात आणि एखाद्या माशात झालेला बदल त्या मोठ्या गर्दीत विरून जातो, असे एक स्पष्टीकरण दिले जाते. आम्हाला ते अर्धेच पटते, कारण डॅसिलसची पिल्लेही तशीच वाहतात. मात्र मोठेपणी ते एकेका प्रवाळ-झुडपात लहान टोळीने राहतात आणि टोळीत एखाददुसराच नर पिल्लांचा बाप होतो. नवा बदल रुजायला अशी लहान टोळी सोयीची, हे मान्य करावे लागते. शिवाय ४८ चा आकडा कायम राहिला म्हणजे आत काही बदललेच नाही, असेही नाही. एकाच गुणसूत्राचा मधला तुकडा उलटा बसला तर संख्या तीच राहते, जनुकांचा क्रम मात्र बदलतो.

हे सगळे आमच्या भागातले विद्यार्थी तक्त्यावरून पाठ करतात, याचे वाईट वाटते. प्रवाळ मासा इथे मिळणार नाही, पण चिलापी, म्हणजे तिलापिया, जिवंत मिळते. तिची गुणसूत्रे ४४. दोन जोडण्यांमुळे २४ जोड्यांच्या २२ झाल्या, आणि त्यातली सर्वांत मोठी जोडी नवख्यालाही ओळखता येते. संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी घेऊन, मासा न मारता गुणसूत्रे मोजण्याचा प्रयोग करता येतो.

लवंग तेलाच्या पाण्यात मासा गुंगवून शेपटीच्या पराची कड २ ते ३ मिलिमीटर कापावी. तीन-चार दिवसांत तिथे पांढुरकी नवी कड फुटते. पेशीविभाजन तिथे जोरात चाललेले असते. मग पेशीविभाजन मध्येच थांबवणाऱ्या कोल्चिसीनच्या ०.०१ टक्के पाण्यात, म्हणजे एका लिटरला ०.१ ग्रॅम या प्रमाणात, हवेचा पंप लावून मासा ५ तास ठेवावा. पुन्हा गुंगवून नवी कड कापून घ्यावी. पेशी फुगाव्यात म्हणून ती ०.४ टक्के पोटॅशियम क्लोराइडमध्ये ३० मिनिटे ठेवावी. नंतर पेशी आहे त्या स्थितीत पक्क्या करण्यासाठी तीन भाग मिथेनॉल आणि एक भाग ग्लेशियल (पाणी नसलेले) ॲसेटिक ॲसिड या मिश्रणात अर्ध्या-अर्ध्या तासाने दोनदा बदलावी. शेवटी ५० टक्के ॲसेटिक ॲसिडच्या दोन-तीन थेंबांत मिनिटभर हलकेच कुस्करून तो द्रव ४५ अंशांच्या गरम काचपट्टीवर थेंबभर सोडावा आणि काही सेकंदांत परत ओढून घ्यावा. काचेवर सेंटीमीटरभर रुंदीचे पुसट कडे उरते, त्या कड्यात पेशी असतात. गीम्सा या रंगाच्या ४ टक्के द्रावणात २० मिनिटे रंगवून १०० पटीच्या तेल-भिंगाखाली पाहावे.

बिघडते कुठे, तेही सांगितले पाहिजे. कोल्चिसीनमध्ये मासा जास्त वेळ राहिला तर गुणसूत्रे आखडून ठिपके होतात, भुजा दिसत नाहीत. पोटॅशियम क्लोराइडमध्ये वेळ कमी पडला तर सगळा गुंता, जास्त झाला तर पेशी फुटून गुणसूत्रे इकडेतिकडे. एप्रिल-मेमध्ये आपल्याकडे खोलीच चाळिशीला जाते, तेव्हा २० मिनिटांनंतर एक तुकडा काढून पाहावा. जानेवारीत टाकीचे पाणी गार पडते आणि विभाजने मिळतच नाहीत. पाणी २५ ते २८ अंशांवर ठेवले तरच कड फुटते. मिथेनॉलचे मिश्रण आदल्या दिवशीचे वापरू नये. त्यात एस्टर आणि पाणी तयार होऊन पकड जाते. गीम्सासाठी बोअरचे जड पाणी तर नकोच, सगळे निळे येते. सामू ६.८ वर स्थिर ठेवणारे द्रावण, म्हणजे बफर, लागतेच. कोल्चिसीन विष आहे. हातमोजे हवेत, ते पाणी मोरीत ओतू नये, आणि तो मासा तळ्यात किंवा ताटात जाता कामा नये.

परीक्षकांना एक विनंती. वहीत थेट ‘४४’ लिहिलेले दिसले की गुण देऊ नयेत. निदान ५० पेशी मोजून आलेले सगळे आकडे लिहायला लावावेत. ४१, ४२ येतात ते गुणसूत्रे निसटल्यामुळे, ४५ च्या वर येतात ते शेजारची पेशी मिसळल्यामुळे. सर्वांत जास्त वेळा आलेला आकडा कोणता, हे त्या कोष्टकातून विद्यार्थ्याने स्वतः काढावे आणि गुण त्या कोष्टकाला द्यावेत.

आपले,
प्राणिशास्त्राचे काही शिक्षक,
जळगाव, धुळे, नंदुरबार