रोही रोज चरतो, पंचनामा एकदाच होतो: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य,
सप्रेम नमस्कार.

हरभरा निघाला, तूर घरात आली, जेवढी उरली होती तेवढी. आणि आता मार्च अखेरीला कुंपणाचे अनुदान मंजूर झाल्याचे निरोप येत आहेत. रोह्यांचे (नीलगायींचे) कळप जेवून गेले, आता पंगतीला वाढपी आले. तरीही आभार मानतो, कारण काही गावांत तेवढेही येत नाही.

आपल्या खात्याची भरपाई योजना मुळातच चुकीच्या प्राण्यासाठी लिहिली आहे. नुकसान झाल्यापासून तीन दिवसांत अर्ज करा, ही अट वाघाने बैल मारला तर ठीक आहे. रोही, चितळ, काळवीट एका रात्रीत वावर साफ करत नाहीत. आज धुऱ्याकडच्या चार ओळी, उद्या मधला पट्टा, परवा नाल्याकडची बाजू. कोणत्या रात्रीपासून तीन दिवस मोजायचे? पहिल्या दिवशी अर्ज केला तर नुकसान फुटकळ दिसते, शेवटी केला तर मुदत गेलेली असते.

पंचनाम्याचीही तीच तऱ्हा. हरभऱ्याचे शेंडे खाल्लेले पाहून साहेब म्हणतात, "फुटवे येतील, तुम्ही स्वतःच शेंडे खुडता ना?" खुडतो, पण एकदाच आणि वेळेवर. कळपाने तीनदा खुडलेला हरभरा उशिरा फुलावर येतो आणि घाटे भरायच्या वेळी उन्हात सापडतो. झाड हिरवे दिसते, घाटे पोकळ निघतात. सोयाबीनचे रोप दोन दलपत्रांच्या (उगवताना वर येणाऱ्या दोन जाड पानांच्या) खालून तोडले तर त्याला डोळाच उरत नाही, ते मेले. वरून तोडले तर जगते, पण मागे पडते. हा फरक पंचनाम्याच्या कोणत्या रकान्यात लिहायचा? आणि दुबार पेरणीचे बियाणे, गेलेले पंधरा-वीस दिवस, रात्र रात्र जागल करून सकाळी पुन्हा कामाला जुंपलेली माणसे, यांचा तर रकानाच नाही.

आता कुंपण. डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेत सौर कुंपणाला 75 टक्के किंवा 15,000 रुपये, यांपैकी कमी असेल ते, असे सूत्र ठेवले. मुंबईत बसून हा आकडा कोणी काढला ते कळत नाही, म्हणून हिशेब मांडतो. तीन एकराचे अगदी चौकोनी वावर धरले तरी घेर साधारण 440 मीटर. चार मीटरवर एक खांब, म्हणजे 110 खांब. रोह्यासाठी सर्वांत वरची तार सहा फुटांवर हवी आणि रानडुकरासाठी सर्वांत खालची जमिनीपासून वीतभर, म्हणून किमान पाच तारा. झाली 2,200 मीटर तार, अडीच मिलिमीटरची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेली) घेतली तर सुमारे 85 किलो. त्यावर 550 इन्सुलेटर, कोपऱ्याच्या खांबांना टेकू, एक गेट. झटका मशीन, बॅटरी आणि पॅनल यातच अनुदान संपते. खांब, तार, मजुरी शेतकऱ्याची. आणि आमची वावरे चौकोनी नसतात. तेवढ्याच तीन एकराचा 40 मीटर रुंदीचा पट्टा असला तर घेर 680 मीटरच्या पुढे जातो. अनुदान मात्र तेच.

उभारलेले कुंपण बंद का पडते, हेही कोणी विचारत नाही. बऱ्याच किटांत अर्थिंगची एकच छोटी सळई येते. लागतात तीन, पाच-सहा फूट खोल, एकमेकींपासून तीन मीटरवर. काळी जमीन उन्हाळ्याकडे भेगाळली की सळईभोवती पोकळी पडते. शिवाय कोरड्या मातीवर उभ्या जनावराच्या अंगातून प्रवाह पुरा होत नाही, झटका बसतच नाही. त्यावर उपाय आहे: एक तार चालू, पुढची अर्थिंगची, अशी आलटून पालटून ओढायची. पावसाळ्यात उलटे होते. गवत खालच्या तारेला टेकते, दाब गळतो, ढगाळ आठवड्यात बॅटरी पूर्ण उतरते आणि पुन्हा पुन्हा उतरली की कायमची बसते. कुंपणाच्या शेवटच्या टोकाला मीटर लावून चार-पाच हजार व्होल्ट दिसले पाहिजेत. तो मीटर किटमध्ये नाही. "लाल दिवा लागतो ना, मग चालू आहे," एवढीच तपासणी. मग एखादा वैतागून थेट लाइनवरून करंट सोडतो, त्यात माणसे मरतात आणि गुन्हा शेतकऱ्यावर दाखल होतो.

शेजारच्या वीस जणांनी मिळून 60 एकराला एकच कुंपण घातले तर घेर 2,000 मीटरच्या आत बसतो, माणशी शंभर मीटर. वेगवेगळे घातले तर माणशी 440. तार-खांबांचा खर्च चौथ्या हिश्श्याच्या आत येतो आणि गवत काढायला पाळी लावता येते. तरी योजना "प्रति लाभार्थी". कारण फोटो एकेका लाभार्थ्याचा निघतो.

कायद्याचे तर बोलायलाच नको. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 39 प्रमाणे मेलेला आढळलेला रोही सरकारची मालमत्ता. तोच जिवंतपणी हरभऱ्यात असतो तेव्हा मालक सापडत नाही. कलम 11 खाली अनुसूची दोनमधल्या रोही, चितळ आणि रानडुकराच्या शिकारीची परवानगी मागताना उभ्या पिकाचे कारण चालते. काळवीट अनुसूची एकमध्ये, त्याच्यासाठी पिकाचे कारणच चालत नाही. म्हणजे नान्नज किंवा रेहेकुरीच्या काळविटांच्या माळरानाशेजारच्या शेतकऱ्याने हात जोडून बसायचे. मारा असे आम्ही म्हणत नाही. शेजारच्या मध्य प्रदेशाने 2025 मध्ये शाजापूर परिसरात हेलिकॉप्टर आणि बोमा पद्धत (कळपाला नरसाळ्यासारख्या आडोशातून कोंडवाड्यात हाकलणे) वापरून नऊशेच्या वर काळवीट आणि रोही जिवंत पकडून संरक्षित जंगलांत हलवले. आपल्याकडे निदान मोजणी तरी करा! रोही एकाच जागी लेंड्यांचे ढीग घालतो, त्यावरूनही कळपांची ये-जा कुठे आहे ते कळते. टेक्सासमध्ये वन्यजीव खात्याचा तज्ज्ञ खासगी मालकाच्या जमिनीवर येऊन हरणांचे नियोजन सांगतो. गंमत म्हणजे तिथल्या किंग रँच नावाच्या कुरणावर गेल्या शतकात नेऊन सोडलेला आपलाच रोही आज जमीनमालकाला पैसे मिळवून देतो.

पण इथे वनखाते कृषीकडे बोट दाखवते, कृषी महसुलाकडे, महसूल "पोर्टलवर टाका" म्हणतो. केंद्राने खरीप 2026 पासून पीकविम्यात वन्यप्राण्यांचा धोका घेतला, 72 तासांत ॲपवर फोटो टाकायचा आहे. पुन्हा तेच घड्याळ. शिवाय प्राणी आणि जिल्हे राज्याने ठरवायचे. ती यादी करताना वनखात्याचे तोंड उघडेल का?

मागण्या थोड्या आहेत. चरण्याचे नुकसान हंगामात तीनदा मोजा: उगवणीला, फुलावर आणि काढणीआधी. अनुदान लाभार्थ्यावर नाही, घेराच्या मीटरवर द्या आणि गटाला आधी द्या. किटमध्ये तीन सळया आणि व्होल्ट मीटर सक्तीचा करा, दोन वर्षे दुरुस्ती पुरवठादारावर टाका.

आणि पैसे सप्टेंबरमध्ये सोडा. सोयाबीन निघाल्यावर आणि हरभरा पेरण्याआधी जे थोडे दिवस मिळतात, तेव्हाच काळ्या जमिनीत ओल असते आणि खड्डा नीट होतो. पावसाळ्यात चिखलात पाय फसतो, मार्चमध्ये पहार उडते.

आपले,
विदर्भातले कोरडवाहू शेतकरी