टाक्याला कुलूप, आडात राडारोडा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आटपाडी-खानापूर भागातील अनेक घरांप्रमाणे आमच्याही घरचा एक माणूस गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यापायी परमुलखात आहे. माझे धाकटे बंधू राजस्थानात बाडमेरला असतात. गेल्या वैशाखात त्यांच्याकडे गेलो असता शहराबाहेरच्या एका ढाणीवर, म्हणजे आपल्याकडे जिला वस्ती म्हणतात तिथे, जाण्याचा योग आला. अंगणात जमिनीखाली बांधलेले पाण्याचे टाके होते आणि त्याच्या झाकणाला कुलूप होते. घरच्या आजींनी ओढणीच्या टोकाची किल्ली सोडली, पोहरा टाकून घागर भरली आणि तळाशी उरलेले ओंजळभर पाणी शेळीच्या करडापुढे धरले. मग पुन्हा कुलूप. तूप सांडले तर काही बिघडत नाही, पाणी सांडले तर जीव जळतो, अशा अर्थाची म्हण तिकडे आहे. ती मला त्या अंगणात खरी कळली.

टाक्याभोवतीच्या चोपलेल्या, उतरत्या जमिनीला तिकडे आगोर म्हणतात. पावसाळ्याआधी ती झाडून लख्ख करतात आणि तिच्यावर चपला घालून कोणी जात नाही, कारण तिच्यावर पडलेला थेंब पुढे वर्षभर घशाखाली जायचा असतो. खोल विहिरींचे पाणी बऱ्याच ठिकाणी खारट, त्यामुळे पावसाचे गोडे पाणी, ज्याला ते 'पालर पाणी' म्हणतात, हेच त्यांचे धन. इंदिरा गांधी कालव्याचे पाणी आता त्या मुलखात दूरवर पोहोचले आहे. पण उन्हाळ्याच्या तोंडाला दुरुस्तीसाठी कालवा बंद ठेवतात, तेव्हा हेच टाके घर तारून नेते. नळ आला म्हणून त्या घराने टाके मोडले नाही.

आम्ही मात्र मोडले. टेंभू योजनेने कराडजवळून कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून आमच्या माळापर्यंत आणले, त्याबद्दल मनात कृतज्ञताच आहे. परंतु पाणी आले आणि गावचा जुना आड रस्तारुंदीच्या कामात राडारोडा टाकून बुजवला गेला. त्या वेळी ग्रामसभेत मीही गप्प बसलो, याची खंत आहे. १९७२ च्या दुष्काळात याच आडात उतरून माझी आई पहाटे झऱ्याला वाटी लावून बसे आणि एका हंड्याला तास-दीड तास लागे. मिरजेहून लातूरला रेल्वेने पाणी न्यावे लागले ते २०१६ साल तर आजच्या मुलांनीही पाहिले आहे.

जैसलमेरकडे वर्षाकाठी २०० मिलिमीटरही पाऊस होत नाही. आमच्याकडे कमी म्हटले तरी साधारण त्याच्या दुप्पट होतो. हजार चौरस फुटांच्या छतावर ४०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ३७ हजार लिटर पाणी होते. पन्हळीतून वाया जाणारे आणि पहिल्या सरीचे सोडून द्यायचे पाणी वजा केले, तरी एका कुटुंबाच्या पिण्या-स्वयंपाकाला ते वर्षभर पुरून उरेल. आज ते गटारात जाते, आणि टेंभूच्या पाण्याची पाळी लांबली की आम्ही टँकरची वाट पाहतो.

आटपाडी, जत, माण, खटाव या तालुक्यांतील ग्रामपंचायतींना माझी कळकळीची विनंती आहे, की नव्या घरकुलांच्या आराखड्यातच असे टाके धरावे, शाळांच्या छतांपासून सुरुवात करावी आणि जे आड अजून बुजलेले नाहीत त्यांचा गाळ येत्या मृगाआधी काढावा. आमच्या आडातला राडारोडा उपसायला मी आणि माझ्या भावकीतली चार माणसे येत्या रविवारपासून उतरणार आहोत.

आपला,
एक वाचक, आटपाडी (जि. सांगली)