स्मरण: रविवारची सीएसएमटी वारसाफेरी

सभासदहो,

येत्या रविवारी सकाळी ठीक साडेसातला महापालिका मुख्यालयासमोरच्या फुटपाथवर जमायचे आहे. उशीर नको, ऊन चढले की वरची नक्षी नीट दिसत नाही.

आपण रोज ज्या इमारतीतून लोकल पकडायला धावतो, ती फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांची. काम 1878 मध्ये सुरू झाले, 2004 मध्ये युनेस्कोने तिला जागतिक वारसा मानले. युरोपातली गॉथिक शैली आणि आपल्याकडच्या राजवाड्यांची घडण तिथे एकत्र नांदते. कोरीवकामात जे. जे. कला विद्यालयाच्या विद्यार्थ्यांचा हात आहे, हे मला सर्वांत मोलाचे वाटते. फाटकाच्या खांबांवरचे सिंह आणि वाघ, घुमटावरची 'प्रगती'ची मूर्ती सावकाश पाहा. दर्शनी भागावर जगन्नाथ शंकरशेट यांची प्रतिमाही आहे. ती मुलांना आवर्जून दाखवा. 1853 च्या बोरीबंदर-ठाणे गाडीमागे या मराठी माणसाची धडपड होती.

दुर्बीण असल्यास आणा. कोरीवकामाला हात लावू नये, प्रवाशांच्या वाटेत उभे राहू नये. येणाऱ्यांनी शुक्रवारपर्यंत गटावर नाव कळवावे.

— संयोजक