प्रयोगशाळेत लिब्रेऑफिस बांधू द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अभियांत्रिकी महाविद्यालयांत मुक्तस्रोत सॉफ्टवेअरवर व्याख्याने होतात. मात्र असे सॉफ्टवेअर सोर्स कोडपासून (प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुरापासून) स्वतः बांधून, म्हणजे त्याचे चालवण्याजोगे रूप तयार करून, पाहण्याची सोय प्रयोगशाळेत क्वचितच असते.

२०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळ्या झालेल्या लिब्रेऑफिस या कार्यालयीन कामाच्या सॉफ्टवेअरचे उदाहरण घ्यावे. उबुंटू या लिनक्स प्रणालीवर सोर्स पॅकेजांची भांडारे सुरू करून 'बिल्ड-डेप' ही आज्ञा दिली की कम्पायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्रॅम) व लागणाऱ्या बहुतेक लायब्ररी (तयार कोडचे संच) बसतात; मग गिट या कोड सांभाळणाऱ्या साधनाने कोड उतरवून बांधणीची तयारी करणारे 'ऑटोजेन' आणि प्रत्यक्ष बांधणी करणारे 'मेक' चालवायचे. हवी तर मराठी मेनूची प्रतही बांधता येते. परंतु पहिली बांधणी साध्या संगणकावर कित्येक तास चालते, आणि मेमरी अपुरी असताना 'मेक'ला एकाच वेळी जास्त कामे दिली, तर कम्पायलर मध्येच बंद पडून दोष कोडमध्येच आहे असा विद्यार्थ्याचा समज होतो. तासिका संपताच संगणक बंद करण्याचा आणि सुरू होताना डिस्क पुसण्याचा नियम असेल, तर हे काम पूर्ण होणेच शक्य नाही. आधीच्या बांधणीचे तयार भाग साठवून ठेवणाऱ्या 'सीकॅश'मुळे पुढच्या बांधण्या झटपट होतात खऱ्या, पण तोही साठा पुसलाच जातो.

तेव्हा निदान एक सर्व्हर रात्रभर चालू ठेवून त्यावर विद्यार्थ्यांना खाती द्यावीत. विद्यार्थ्यांना प्रशासकाचे अधिकार द्यावे लागतील ही सुरक्षेची सबब येथे टिकणारी नाही, कारण आवश्यक पॅकेजे प्रशासकाने एकदा बसवली की पुढील सारी बांधणी साध्या खात्यातून होते, किंबहुना तशीच करायची असते.

– संगणकशास्त्राचा एक शिक्षक, नाशिक