प्रशिक्षण झाले, पुढे काय?

विकसनशील देशांतील शासकीय अधिकाऱ्यांच्या परदेशी प्रशिक्षणाचे स्वागत करणारा आपला अग्रलेख वाचला. उद्देशाशी सहमत आहे; पण किती जण शिकून आले यावर देशादेशांतील अशा प्रशिक्षण-भागीदारीचे यश मोजणे पटत नाही. भारताच्या १९६४ पासून चालणाऱ्या ‘आयटेक’ या विकसनशील देशांतील अधिकाऱ्यांना प्रशिक्षण देणाऱ्या कार्यक्रमात विमानभाडे, निवास आणि भत्ता भारत सोसतो. नावे मात्र पाठवणारे सरकार सुचवते. खरी गोम इथेच आहे. ज्याच्या टेबलावर फायलींचा ढीग असतो त्याला वरिष्ठ सोडत नाहीत आणि ज्याच्यावाचून काही अडत नाही (किंवा ज्याची सोय लावायची असते) त्याची वर्णी लागते. निविदा तपासायला शिकून आलेला अधिकारी महिनाभरात निवडणूक शाखेत जातो, टिपणे कपाटात. जपान सरकारची मदतसंस्था ‘जायका’च्या अनेक अभ्यासक्रमांत प्रशिक्षणार्थींकडून परतल्यानंतरचा कृती आराखडा घेतला जातो. चांगलेच आहे, पण बदलीचे आदेश आराखडे वाचून निघत नाहीत. परतलेल्या अधिकाऱ्याला किमान दोन वर्षे त्याच कामावर ठेवण्याची अट करारातच असावी आणि ती न पाळणाऱ्या खात्याच्या प्रशिक्षणाच्या पुढच्या जागा कमी कराव्यात.