नर्तकाशिवायचा नाच

पुणे, रविवार

प्रिय बंड्या,

आठ महिने पत्र नाही, शिव्या भेटल्यावर घाल. माझी साखर ठीक, हिची कंबर जैसे थे.

ऋचाच्या गुडघ्याचं लिगामेंट फाटलंय. कार्यक्रम तीन आठवड्यांवर, नेपथ्य माझं, आणि मधली चार मिनिटं तिच्या एकटीच्या नाचाची. ती रिकामी कशी ठेवायची? मग तुझा तो इटालियन चित्रकार बाल्ला आठवला.

पुरुषोत्तम करंडकाच्या तालमीत तू म्हणाला होतास, "नट काढ, माझे लाइटच नाचतील." मी ओरडलो, "मग नट काय घरी बसून शेंगा सोलणार?" तू दीड महिना बोलला नाहीस. (माझं लाइटवर लावायचं रंगीत जिलेटिनही परत केलं नाहीस, ते असो.) बंड्या, तुझं खरं होतं. १२ एप्रिल १९१७, रोमचं कोस्तांझी थिएटर, द्यागिलेव्हची बॅले मंडळी, स्ट्राविन्स्कीचं ‘फटाके’ वाजतंय आणि रंगमंचावर एकही नर्तक नाही! नुसती बाल्लाची, लाकडी सांगाड्यांवर रंगीत कापड ताणलेली टोकदार शिल्पं. लाइट बाहेरून पडतोय, काहींच्या पोटातूनही येतोय, सुरांबरोबर बदलतोय. तेवढ्यात संपलंसुद्धा. आपल्याकडे तेवढ्या वेळात पडदाही अडकल्याशिवाय उघडत नाही.

तू खिशात इटलीचं वीस सेंटचं नाणं घेऊन फिरायचास, त्यावरचा शिल्पकार बोच्चोनीचा चालणारा माणूस दाखवायला. मला तोच जवळचा. हात नाहीत, पण मांड्यांमागे वारा फडफडतो. गती दाखवायची म्हणून त्यानं शरीर वाकवलं, ताणलं, पण ठेवलं. बाल्लानं ते घरीच पाठवलं. नाटकवाला म्हणून मला ते पटतं. बाप म्हणून नाही.

पुठ्ठ्याचं मॉडेल केलं, टॉर्च फिरवला. भिंतीवर सावल्या अशा काही गिरक्या घेत होत्या की मी खूश होऊन ऋचाला हाक मारली. गाढव मी. ती कुबड्यांवर आली, नीट बघितलं आणि म्हणाली, "छान नाचतंय रे बाबा." आणि परत खोलीत गेली. तेव्हापासून मॉडेलवर चादर टाकून ठेवलीय. रद्द करू म्हटलं तर चिडते, करू म्हटलं तर गप्प बसते. हिला विचारलं तर म्हणते, बंडूभाऊजींना विचारा, तुमच्या डोक्यातलं त्यांनाच कळतं.

निनादला नोकरी लागली ना? अभिनंदन सांग. वहिनींचं डोळ्याचं ऑपरेशन झालं असेलच.

शनिवारच्या गाडीने ये. लाइट कमी-जास्त करायचा तुझा जुना डिमर बोर्ड आण, आणि आधी तिच्याशी तू बोल.

तुझा,
सुऱ्या